साक्षीतला नवरा

राखेच्या बुधवारी वेदीवर जांभळं कापड चढतं आणि त्या दिवसापासून पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, पहाटेपर्यंत देवळात फूल येत नाही. आम्ही जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतो. हा चाळीस दिवसांचा उपवासकाळ नाशकात बरोब्बर द्राक्षांच्या हंगामात येतो. बाहेर रस्त्यारस्त्यावर क्रेट उतरत असतात, ऊन रोज थोडं थोडं चढत असतं, आणि आत आम्ही पाप, पश्चात्ताप आणि मरण यांवर बोलत बसतो. यंदा कपाळाला राख लावून बाहेर आले तर फाटकाशीच हातगाडीवाला उभा. "लय गोड हाय मावशी, खाऊन तर बघा." मी एक मणी तोंडात टाकला आणि मग आठवलं की आज उपास. थुंकावा तर त्याच्यासमोर बरं दिसेना, म्हणून गिळला. माझ्या उपवासकाळाची सुरुवात ही अशी झाली.

आमच्या घरात हा काळ मंदीचा असे. हे, म्हणजे माझे यजमान, फुलांचे शेतकरी होते. मखमलाबादला दीड एकर. गुलाब, निशिगंध, बांधाच्या कडेने मोगरा. देवळाची फुलं त्यांच्याकडून यायची आणि वेदीवर ती मांडायचं काम माझ्याकडे होतं, तिथेच आमची ओळख झाली. मी शाळेत शिकवत होते, वय उलटायला आलं होतं, आणि हा मळक्या शर्टातला माणूस दर शनिवारी बादली ठेवून जाताना एक तरी प्रश्न विचारल्याशिवाय जात नसे. पहिला प्रश्न अजून आठवतो. "बाई, तुमच्या देवाला चाळीस दिवस फुलांचं काय वावडं? आमच्या पोटावर पाय देतो तो." आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मी ख्रिस्ती राहिले, हे हिंदू राहिले. दोन्हीकडच्या माणसांना वाटलं, कोणीतरी एक जण बदलेलच. तीस वर्षं वाट बघून दोन्हीकडची माणसं थकली. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे ते कोणाच्या धर्मात वाढवायचं हा तंटाही झाला नाही.

शुक्रवारी मी दुपारी तीनपर्यंत काही खात नसे, कारण तीन वाजता प्रभूने प्राण सोडला. पहिल्याच वर्षी ह्यांनी जाहीर केलं की बायको उपाशी असताना आपण जेवणं बरं नाही, आपणही उपास धरणार. आणि बाराच्या ठोक्याला साबुदाण्याची खिचडी मागितली. मी म्हटलं, हा कसला उपास? "हा आमच्याकडचा," हे म्हणाले. "आमच्यात उपासाला खायची सोय हाय. तुमचा देव जरा कडक दिसतो." मी रागावून खिचडी टाकायची आणि हे समोर बसून शेंगदाणे वेचून खायचे. आता उपास करण्यात काही राम उरलेला नाही. एकटीने जेवण टाळलं काय आणि केलं काय, विचारणारं कोण आहे!

रंगपंचमीही ह्याच दिवसांत येते. जुन्या नाशकात तेव्हा रहाडी उघडतात. हे पेशव्यांच्या वेळचे दगडी हौद, वर्षभर मातीखाली बुजवलेले. त्यात रंग ओततात आणि माणसं धपाधप उड्या घेतात. हे दर वर्षी उडी घ्यायचे. तो रंग काही दिवस निघत नाही. मग संध्याकाळच्या प्रार्थनासभेला हे गुलाबी कान घेऊन शेवटच्या बाकावर बसत. आम्ही सगळे मिळून पापांची कबुली म्हणायचो तेव्हा तेही मागून पुटपुटायचे. एकदा घरी येताना मी म्हटलं, तुम्ही कशाला म्हणता? म्हणाले, "माझीही असतीलच की थोडीफार. सगळ्यांच्या सोबत जातील." मला हसू आलं होतं. आज वाटतं, तीस वर्षांत आमच्या देवळात पापाबद्दल इतकं साधं कोणी बोललं नाही.

आता माझ्या बहिणीबद्दल सांगायला हवं. एस्तेर माझ्याहून सात वर्षांनी लहान. आमचे वडील गावोगावी फिरून धर्मशिक्षण देत. त्यांच्याकडे कापडावर छापलेला एक मोठा तक्ता होता. त्यावर एक रुंद वाट, एक अरुंद वाट. रुंद वाटेवर नाचगाणी, पत्ते, हसणारी माणसं, आणि टोकाला आग. मला त्या आगीचं फार काही वाटलं नाही, मी रुंद वाटेवरच्या बायकांच्या साड्या बघत बसायची. एस्तेर मात्र आग बघायची. पाचेक वर्षांची असताना तिचं बोट तव्याला लागलं. ती रडली ती बोटासाठी नाही. आईला विचारत होती, "हे इतकं दुखतं, आणि तिथे थांबतच नाही?" आईने तिला जवळ घेतलं. त्यानंतर बरीच वर्षं ती झोपताना माझा हात धरून ठेवायची. म्हणून तिला कोणी कट्टर म्हटलं की मला राग येतो. ती कट्टर नाही, ती घाबरलेली आहे, आणि स्वतःसाठी तर अजिबातच नाही.

मोठी झाल्यावर ती आमचं देऊळ सोडून एका नव्या मंडळीत गेली. दुकानांच्या वरच्या हॉलमध्ये त्यांची सभा भरते, गिटार असते, ड्रम असतो. जांभळं कापड नाही, राख नाही. तिथे सगळं स्वच्छ सांगतात. प्रभूला स्वतःच्या तोंडाने स्वीकारलं तर तारण, नाही तर नरक. मधलं काही नाही. मी एकदा तिला म्हटलं, मला नाही बाई पटत, इतका प्रेमळ देव कोणाला कायमचा जाळत ठेवेल? ती भांडली नाही. शांतपणे म्हणाली, "नरक नसेल तर प्रभू कशाला मेला, ताई? उगाच?"

आमच्या देवळातही ह्यावर एकमत आहे असं नाही. जुने पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणायचे, "नरक आहे, पण तिथे कोण कोण आहे हे सांगायला मला पाठवलेलं नाही." नवे पाळक तरुण आहेत, ते म्हणतात की शेवटी सगळेच सुटणार असतील तर सुवार्ता सांगायची कशासाठी? मंगळवारच्या शास्त्राभ्यासात एकदा मी धीर करून म्हटलं की असेल नरक, पण तो रिकामा नाही का असू शकणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्याच बाकाच्या टोकाला एक म्हातारी बाई बसतात. त्यांच्या लेकीला सासरी जाळून मारलं, आणि जाळणारे सुटून आले. त्या मान वर न करता म्हणाल्या, "रिकामा नको बाई. मला पाहिजे तो." मला नरक नको होता तो एका माणसासाठी, त्यांना हवा होता तो चार माणसांसाठी, आणि आम्ही दोघी एकाच बाकावर बसून एकाच देवाला विनवत होतो.

चार वर्षांपूर्वीचा उपवासकाळ मी दवाखान्यात काढला. ह्यांचं यकृत गेलं होतं, आयुष्यात दारूला न शिवता. खिडकीतून द्राक्षांचे ट्रक जाताना दिसायचे. एस्तेर रोज अकराला डबा घेऊन यायची, त्यांना आवडते म्हणून पातळ मुगाची खिचडी आणि वेगळ्या डबीत लिंबाचं लोणचं. जेवण झालं की खुर्ची पलंगाजवळ ओढून सांगायला लागायची. "दाजी, फक्त एकदा माझ्यामागून म्हणा. दोन वाक्यं आहेत."

"अगं, मी तुझ्या देवाशी कधी भांडलो का?" हे म्हणायचे. "तीस वर्षं फुलं दिली त्याला. वळखील की."

"फुलांनी तारण होत नाही, दाजी."

"मग ऱ्हाऊ दे. लोणचं दे जरा."

ती लोणचं द्यायची आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन रडायची. मी दोघांच्या मध्ये उभी असायची. एकदा मी ह्यांना म्हटलंही, म्हणून टाका ना दोन वाक्यं, तिच्या जिवाला बरं वाटेल. म्हणाले, "आणि मनात नसताना म्हणलो तर त्याला कळणार नाय का?" त्यावर मी पुन्हा विषय काढला नाही.

पाचव्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमारास हे गेले. एस्तेर जेमतेम अर्ध्या तासापूर्वी धुतलेले कपडे आणायला घरी गेली होती. शेवटचं बोलणं शेताचंच होतं. लाईट आली का, पुतण्याने मोटार चालू केली का, मोगऱ्याला पाणी पोचलं का. मी म्हटलं, पोचलं. मग श्वास लांब लांब येऊ लागला आणि थांबला. देवाचं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि मीही घेतलं नाही, कारण मला सुचलंच नाही. एस्तेर जिना चढून धापा टाकत आली. पांढरी चादर बघितली आणि माझे दोन्ही दंड धरले. कधी गेले, कसे गेले, काही नाही. तिने एकच विचारलं, "ताई, म्हणाले का ते? शेवटी तरी?"

तिचा चेहरा मी त्याआधी एकदाच तसा पाहिला होता, तव्याजवळ. मी म्हटलं, "हो. मी म्हणत गेले आणि ते माझ्यामागून म्हणाले."

ती तिथेच, दवाखान्याच्या फरशीवर गुडघ्यांवर बसली आणि आभार मानू लागली.

एक खोटं बोललं की संपलं, असं मला वाटलं होतं. पहिली अडचण तासाभरातच आली. पुतणे घाटावर न्यायची तयारी करत होते आणि एस्तेर म्हणत होती, तारण झालेल्या माणसाला जाळता कसे, त्यांना आपल्या कबरस्तानात ठेवू. मी तिला कसंबसं समजावलं की त्यांच्या माणसांचं मन मोडायचं नाही. गोदावरीकाठी त्यांना अग्नी दिला. एस्तेर दूर झाडाखाली उभी राहिली, पण आली. पुढच्या महिन्यात मी मखमलाबादचं घर पुतण्याला देऊन देवळामागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायला आले. आमच्यात उपवासकाळाच्या शेवटच्या, दुःखसहनाच्या आठवड्यात कबरी साफ करून चुना मारायची रीत आहे. सगळे आपापल्या माणसाजवळ उकिडवे बसून हात पांढरे करून घेतात. मला चुना मारायला नवऱ्याची कबर नाही.

दुसरी गोष्ट अधिक वाईट होती. एस्तेरच्या मंडळीत रविवारी माणसं उभी राहून साक्ष देतात, म्हणजे प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते सर्वांसमोर सांगतात. तिने ह्यांची साक्ष दिली. ती ऐकून दुसऱ्या कोणी दुसऱ्या सभेत दिली. भाजीबाजारात अनोळखी बायका माझा हात हातात घेऊ लागल्या, "ताई, तुमच्या मिस्टरांची साक्ष ऐकली. डोळ्यांत पाणी आलं." साक्ष वाढत गेली. ह्यांनी दोन्ही हात वर केले होते. ह्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ओझरकडच्या एक बाई म्हणाल्या की त्यांनी उजेड पाहिला आणि सगळ्या मूर्तींचा धिक्कार केला. मी पिशवीतली मेथी घट्ट धरून उभी होते. हा माणूस कोण? रहाडीत उडी मारणारा, खिचडीतले शेंगदाणे वेचणारा माणूस आता कोणाला आठवत नव्हता. त्याच्याबद्दल कोणाशी बोलावं तर ते लगेच साक्षीवर यायचे. एस्तेरशी तर मुळीच बोलता येत नव्हतं. पूर्वी ती माझ्याबरोबर रडायची, आता ती नुसतं हसायची, कारण तिच्या लेखी रडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नवरा एकदा वारला तो यकृताने, आणि मग माझ्या तोंडाने पुन्हा वारला. हे दुसरं मरण माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं, त्यामुळे सांत्वनाला येणार तरी कोण?

यंदा चौथ्या आठवड्यात नव्या पाळकांनी मला बोलावलं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते. क्रुसावर प्रभू जे सात वेळा बोलला, त्या सात शब्दांवर मंडळीतली सात माणसं बोलतात. कोणाला कोणता शब्द, हे पाळक ठरवतात. मला दुसरा आला. शेजारच्या क्रुसावरच्या चोराने शेवटच्या घटकेला विनवलं आणि त्याला सुखलोकाचं वचन मिळालं, तो. पाळक आनंदाने म्हणाले, "तुमच्याइतकं ह्यावर कोण बोलू शकेल? तुमच्याकडे तर घरचीच साक्ष आहे." मी चिठ्ठी घेतली आणि घरी येऊन जेवणाच्या टेबलावर ठेवली. दहा दिवस ती तिथेच होती आणि मी ओट्याशी उभी राहून जेवत होते. बहिणीच्या कानात खोटं बोलणं वेगळं. वेदीसमोर उभं राहून बोलले तर माझा खरा माणूस कायमचा गेला असता. आणि खरं बोलले तर एस्तेरचा दाजी त्याच दिवशी आगीत पडला असता.

झावळ्यांच्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी, उत्तम शुक्रवार चार दिवसांवर असताना, आम्ही दोघी आई-वडिलांच्या कबरींना चुना मारत होतो. ती वडिलांच्या, मी आईच्या. ती कसलंसं गीत गुणगुणत होती. मी ब्रश बादलीत टाकला.

"एस्तेर, दाजींनी काही म्हटलं नव्हतं."

"काय म्हटलं नव्हतं?"

"प्रार्थना. माझ्यामागून काही म्हणाले नाहीत ते. मोगऱ्याला पाणी पोचलं का विचारलं आणि गेले. मी तुला खोटं सांगितलं."

ती वडिलांच्या नावाच्या दगडाकडे बघू लागली. "मला का सांगितलंस?" ती म्हणाली. मला वाटलं, खोटं का सांगितलंस असं ती विचारते आहे. तसं नव्हतं. "आत्ता का सांगितलंस, ताई? राहू द्यायचं होतंस ना." तिने हात पदराला पुसले, चुन्याचे पांढरे पट्टे पदरावर उमटले, आणि ती फाटकाकडे चालू लागली. वडिलांची कबर अर्धी पांढरी राहिली होती. ती मी पुरी केली. मंगळवारी तिने फोन उचलला नाही, बुधवारी आणि गुरुवारीही नाही.

शुक्रवारी मी वेदीसमोर उभी राहिले. देऊळ भरलेलं होतं, पंखे गरम हवा फिरवत होते. मी म्हटलं की चोर दोन होते. एकाने विनवलं, त्याचं काय झालं ते आपल्याला सांगितलेलं आहे. दुसऱ्याने विनवलं नाही, आणि त्याचं काय झालं ते प्रभूने सांगितलं नाही. प्रभू दुसऱ्याच्याही तेवढाच जवळ लटकत होता. "माझे यजमान काही न म्हणता गेले," मी म्हटलं. "लोक सांगतात ते खरं नाही, ते मी बनवलेलं आहे. ते कुठे आहेत मला माहीत नाही." वीस मिनिटं दिलेली होती, माझी चारही झाली नसतील. मी बाकावर येऊन बसले. कोणी माझ्याकडे वळून बघितलं नाही. तीननंतर सगळे खाली मान घालून पांगले. पाळकांनी हात मिळवला, पण डोळे मिळवले नाहीत. त्या लेक गमावलेल्या बाई तेवढ्या दाराशी थांबल्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि निघून गेल्या.

शनिवार हा आमच्याकडे काहीच नसलेला दिवस. प्रभू मेलेला असतो आणि उठायचा असतो. दर रविवारी आम्ही उभं राहून म्हणतो की मेल्यावर तो खाली मृतांच्या जागी उतरला. साठ वर्षं मी ते घडाघडा म्हणत आले आणि तिथे जाऊन त्याने काय केलं हे कधी कोणाला विचारलं नाही. त्या दुपारी खुर्चीत बसून मी त्याचाच विचार करत होते. इतकं एकटं मला ह्यांना अग्नी दिला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. नवरा मला परत मिळाला होता, आणि तो परत मिळाल्याचं सांगायला एक माणूस नव्हतं. बहीण गेली होती.

पाचच्या सुमारास फोन वाजला. एस्तेर होती. आवाज बसलेला.

"मी तुझ्यावर चिडलेय," ती म्हणाली.

"चीड."

"चार वर्षं मी रोज सकाळी त्यांच्यासाठी आभार मानले. सोमवारपासून गुडघे टेकते आणि आभार मानता येत नाहीत." ती थांबली. "म्हणून मागायला लागले."

मला क्षणभर कळलं नाही. त्यांच्या मंडळीत हे चालत नाही. आमच्यातही चालत नाही. माणूस गेला की त्याचा निकाल लागला, त्याच्यासाठी देवाजवळ मागायचं नसतं, हे आम्ही दोघी वडिलांच्या तोंडून शिकलो.

"एस्तेर," मी म्हटलं.

"मला माहीत आहे. काही बोलू नकोस. आमच्या पास्टरांना कळलं तर मला सभेसमोर उभी करतील. तू कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार."

पलीकडे ती नाक पुसत होती. मग एकदम कामाचा आवाज काढून म्हणाली, "त्यांचं पूर्ण नाव सांग. मी आयुष्यभर दाजी म्हणत आले. नुसतं दाजी म्हणून मागितलं, आणि नेमकं कोणासाठी ते पोचलं नाही तर? बापाच्या नावासकट सांग, आडनावासकट."

मी खुर्चीतून उठून उभी राहिले, का ते ठाऊक नाही. "दत्तात्रय," मी म्हटलं. "दत्तात्रय किसन मोरे."

"दत्तात्रय किसन मोरे," ती हळूहळू म्हणाली. "बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.